मे महिन्यात सुकवा, दिवाळीनंतर रंगवा

ताई, नोकरीची अठरा वर्षं मुंबईत गेली, तिथे शिडाच्या बोटीचं वेड लागलं. निवृत्त होऊन नागपूरला परतलो. मागच्या वर्षी एका मित्राची १९ फुटी फायबरची बोट ट्रेलरवर घालून समृद्धीवरून घरी आणली. बोट पस्तीसेक वर्षांची आहे. डेकवर हिऱ्याच्या आकाराची बारीक खरखरीत नक्षी होती, ती डोलकाठीजवळ आणि सुकाण्यापाशी झिजून तुळतुळीत झाली आहे. दिवाळीत खिंडसी तलावात उतरवली तेव्हा ओल्या पायाने घसरलो आणि घोटा मुरगळला. सौ. म्हणते, डेक नीट झाल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही. हार्डवेअरवाला सांगतो, ऑइल पेंटमध्ये रेती मिसळा. शेजारी म्हणतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग मारा. मुलगा जिन्याला लावतात ती खरखरीत टेप मागवायला निघालाय. तो मे महिन्यात पंधरा दिवस येतोय, तेव्हा एकदाच उरकून टाकू म्हणतो. मी ६४ वर्षांचा आहे, हात अजून चालतात. काय करू?
– घसरलेला कप्तान, मनीषनगर, नागपूर

कप्तानकाका, नमस्कार.

घोटा आता बरा असेल, असं धरून चालते. तुम्हाला सल्ला देणारे चार जण आहेत, त्यातलं फक्त काकूंचं म्हणणं मला पूर्ण पटलं. डेक नीट होईपर्यंत त्यांना चढवू नका. तुम्हालाही त्याआधी जायचंच झालं तर अनवाणी नको, मऊ रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट घाला.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. मे महिना या कामाला उत्तम, पण रंगाला नाही. नागपूरचा मे हा बोट सुकवायचा महिना. रंग दिवाळीनंतर. मधले चार महिने बोट झाकून ठेवायची. एकाच सुट्टीत दोन्ही कामं कोंबलीत तर दोन्ही बिघडतील. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचं हिंगणा एमआयडीसीत फायबरचं वर्कशॉप आहे, कूलरच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवतो. कॉलेजात नेव्हल एनसीसीत असताना अंबाझरी तलावावर शीड धरायला शिकले, पुढे काही वर्षं मुंबईत बोटींच्या दुरुस्तीचं काम केलं. नागपूरचं ऊन आणि बोटीचं डेक, दोन्हींनी माझे हात भाजलेत.

आधी ती नक्षी म्हणजे काय ते बघू. तो वरून लावलेला थर नव्हे. डेकच्या साच्यातच ती कोरलेली असते. साच्यात पहिल्यांदा जेलकोट जातो, म्हणजे बोटीचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, त्यावर फायबरची मॅट आणि रेझिन. साच्यातून काढलं की नक्षी जेलकोटमध्ये उमटलेली मिळते. आणि हा जेलकोट असतो साधारण अर्धा मिलिमीटर, एकावर एक ठेवलेल्या दोन व्हिजिटिंग कार्डांएवढा. त्यामुळे कोणी "मशीन फिरवून सगळं सपाट करून देतो, मग नवं करू" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दहा मिनिटांत खालची मॅट उघडी पडेल आणि पाणी तिथून आत शिरायला लागेल.

दुसरं म्हणजे, झिजलेलं वाटतं ते सगळं झिजलेलं नसतं. पुष्कळदा नक्षीच्या खाचा भरलेल्या असतात. मुंबईचं मीठ, धूळ, सनस्क्रीन, आणि कोण्या आधीच्या मालकाने चकाकीसाठी चोळलेलं गाडीचं वॅक्स पॉलिश. डेकला वॅक्स म्हणजे जिन्याला तेल. म्हणून पहिला दिवस फक्त धुण्याचा. भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि ताठ नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश नको, त्याचे कण खाचेत अडकतात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके दिसू लागतात. जुने गंजाचे डाग असतील तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्याने निघतात. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाणी मारा. धुऊन वाळल्यावर थिनरने पुसायचं, तेही दोन फडक्यांनी: एक ओलं, त्याच्या मागोमाग दुसरं कोरडं. एकच फडकं फिरवलं तर मेण विरघळतं आणि तिथेच पुन्हा पसरतं. आणि हे सगळं पॉलिश पेपर लावायच्या आधी. मेण असताना घासलंत तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं, मग ते काढायला कोणाच्या बापाला जमत नाही.

झालं की डेकवर तांब्याभर पाणी ओता. पाणी पापुद्र्यासारखं सलग पसरलं तर मेण गेलं. कमळाच्या पानावरच्या थेंबांसारखं गोळा झालं तर पुन्हा फडकं घ्या. आमच्याकडे एका बोटीला हे चार वेळा करावं लागलं होतं. पाचव्या दिवशी मालक म्हणाला, आता रंगाची गरज वाटत नाही, पाय धरतोय की. आणि खरंच धरत होता! तुमच्याकडे असं व्हायची शक्यता कमी आहे, डोलकाठीजवळ तुम्ही म्हणता तसं तुळतुळीत असेल तर तिथली नक्षी गेलेलीच आहे. पण बाकीच्या डेकचा निम्मा भाग कदाचित नुसत्या धुण्याने वाचेल.

आता मुख्य काम. मे महिना मी याच्यासाठी मागतेय.

या वयाच्या बऱ्याच बोटींचं डेक भरीव नसतं. वर फायबरचं पातळ कवच, खाली फायबरचं कवच, आणि मधे लाकूड, म्हणजे बाल्सा नावाचं हलकं लाकूड नाहीतर प्लायवूड. वजन कमी, ताकद जास्त, म्हणून असं बनवत. अडचण इतकीच की क्लीट (दोरी बांधायच्या खुंट्या), रेलिंगच्या दांड्यांचे पाय, डोलकाठीच्या तारांचे पट्टे, सगळे बोल्ट या लाकडातून आरपार गेलेले असतात. बोल्टभोवतीचं सीलंट पंधरा-वीस वर्षांत सुकतं आणि प्रत्येक पावसाचं पाणी तिथून आत जातं. लोकांना वाटतं, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लाकूड सडतं. उलट आहे. सडवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी लागतं. खारं पाणी लाकडाला बऱ्यापैकी टिकवतं, आणि पावसाचं पाणी त्याची माती करतं. मुंबईतले पस्तीस पावसाळे तुमच्या डेकने अंगावर घेतलेत.

उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच करायचं. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा, प्लास्टिकच्या मुठीने डेकवर हलकं ठोका आणि दर दोन बोटांवर सरकत जा. चांगल्या जागी आवाज येतो टणक, कोरडा, टक्. खराब जागी येतो धप्, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. एकदा फरक कानात बसला की चूक होत नाही. मुलाला पेन्सिल द्या, तुम्ही ठोकत जा, त्याने धपच्या जागा आखत जायच्या. क्लीटभोवती, डोलकाठीच्या पायाशी आणि रेलिंगच्या पायांशी जास्त वेळ द्या. पाय दिल्यावर डेक किंचित दबतंय का तेही बघा. जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर तिथे खालचं काहीतरी हलतंय असं समजा.

संशय असेल तिथे केबिनच्या आतून, म्हणजे खालच्या कवचातून, ३ मिलिमीटरचं भोक पाडा. वरचं कवच फुटायला नको म्हणून ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या. बाहेर येणारा भुसा पिवळट आणि कोरडा असला तर भोक बुजवा आणि पुढे चला. काळपट, ओला, गाळून टाकलेल्या चहापत्तीसारखा निघाला तर ती जागा गेली. नुसतं ओलं पण अजून घट्ट लाकूड असेल तर ते सुकवता येतं, आणि सुकवायला नागपूरच्या मे महिन्यासारखी भट्टी मुंबईला सापडायची नाही. मुंबईच्या यार्डात आम्ही हीटर लावून दोन-दोन महिने बसायचो, हवेतच इतका दमटपणा की एका बाजूने सुकवावं आणि दुसऱ्या बाजूने ओलं व्हावं. इथे पारा ४५ ला आणि हवा पापडासारखी कोरडी. सगळी फिटिंग्ज काढा, बोल्टची भोकं उघडी ठेवा, ओल्या पट्ट्यात एकमेकांजवळ भोकं पाडा आणि बोट उन्हात राहू द्या. रात्री टेबलफॅन आतून लावा. पंधरा दिवस तेवढंच.

सडलेलं मात्र सुकवून परत येत नाही. ते काढायचंच. वरचं कवच त्या मापाने चौकोनी कापा, पण कापाची रेघ नक्षीच्या भागातच ठेवा, गुळगुळीत पट्ट्यात येऊ देऊ नका. नवीन खरखरीत थर पुढे त्या जोडावरून जाईल आणि जोड कोणाला दिसणार नाही. एवढी एकच गोष्ट झिजलेल्या डेकच्या मालकाच्या बाजूची आहे. सडका भाग खरवडून काढा, त्या मापाचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा, दाट केलेल्या इपॉक्सीत (हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझिन) बसवा, वरचं कवच परत चिकटवा. जोडाच्या कडा दोन्हीकडून तिरप्या घासून त्यावर फायबरचं कापड द्या. उतार किती, तर कवचाच्या जाडीच्या बारापट. तळहाताएवढ्या एक-दोन जागा असतील तर हे तुम्ही आणि मुलगा दोघं मिळून कराल. दाराएवढी जागा निघाली तर मला फोटो पाठवा, मग वेगळं बोलू.

बोल्टच्या भोकांचंही हेच औषध. भोक मोठं करा, इपॉक्सीने भरा, घट्ट झाल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं नवीन भोक पाडा. आता पाणी गळलं तरी लाकडाला लागणार नाही. फिटिंग परत बसवताना ब्यूटाइलची चिकट रबरी पट्टी नाहीतर पॉलियुरेथेन सीलंट वापरा. बाथरूमचं सिलिकॉन बोटीच्या आसपासही येऊ देऊ नका. त्याचा पुसटसा थर राहिला तरी रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा फाटतो, आणि मग पुसून, घासून, शिव्या देऊनही तो जात नाही.

इपॉक्सीचं काम मे महिन्यात करायचं तर पहाटे साडेपाचला, बोट सावलीत ओढून. कारण साधं आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण हातात राहायचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. डब्यावर २५ अंशांना ३० मिनिटं लिहिलं असेल तर ३५ ला १५ समजा, ४५ ला सात-आठ. आणि तेही पसरट ट्रेमध्ये. खोल कपात ठेवलं तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं. हे मला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं. दुपारी अडीच वाजता मी तीनशे ग्रॅम एका कपात कालवून ऐटीत उभी होते. आमचा कारागीर लांबूनच ओरडला, "ताई, कप धुवाडा सोडून रायला, फेका बाहीर!" मी खाली बघते तर कपाचा तळ मऊ पडून वाकायला लागलेला. फेकला तो थेट मोगऱ्याच्या कुंडीत. मोगरा त्या वर्षी काही फुलला नाही. तुम्ही शंभर ग्रॅमच्या वर एका वेळी कालवू नका, आणि मिळाला तर स्लो हार्डनर घ्या.

इथेच एक इशारा, आणि हा गमतीत घेऊ नका. इतवारीत किंवा एमआयडीसीत फायबरवाल्याकडे गेलात तर तो स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन देईल, सोबत दोन बाटल्या: कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही ओतायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मग हार्डनर, हाच क्रम. तुमच्या कामाला मी पॉलिएस्टर सुचवतच नाही. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही. एकदा इपॉक्सी घेतली की शेवटपर्यंत इपॉक्सी आणि वर रंग. इपॉक्सी घट्ट झाल्यावर पृष्ठभागावर कधी कधी मेणचट थर येतो, तो घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन काढा. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून दुरुस्तीचे ठिगळ दिवाळीपर्यंत उघडे ठेवायचे नाहीत, झाकायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळी भोकं बंद झालेली हवीत. पाऊस आपल्याकडे महिन्याच्या मध्यावर येतो. बोटीचा पुढचा भाग वर उचलून ठेवा म्हणजे आत आलेलं पाणी मागच्या भोकातून निघून जाईल. ताडपत्री डेकला चिकटू देऊ नका, मधे बांबूची पाठ घालून तंबूसारखी ताणा, दोन्ही टोकं हवेला उघडी. मग गणपती, पोळा, दसरा होऊ द्या.

आता रंग. तुमच्या तिघा सल्लागारांचं काय ते आधी मोकळं करते. ऑइल पेंट आणि रेती हा अगदी मूर्ख सल्ला नाही. गोड्या पाण्यात, ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला तो एखाद-दोन वर्षं चालेलही, पण आपल्या उन्हात त्याची खडूसारखी पूड होते आणि पायांना लागते. त्यापेक्षा एकाच डब्याचा बोटींचा पॉलियुरेथेन डेक-रंग घ्या, मुंबईहून मागवावा लागला तरी. दोन डब्यांचा रंग आणखी टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं. तो ब्रशने किंवा रोलरने, उघड्यावर, रसायनाची वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्क घालूनच मारायचा, स्प्रे करायचा तर बिलकूल नाही. तुम्हाला एकाच डब्याचा पुरे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नको. डेकचे खास ॲक्रिलिक रंग असतात, किवीग्रिपसारखे, ते भोकाभोकांच्या रोलरने टोकं उठवून लावतात आणि झकास होतात. गच्चीचं दिसायला त्याचंच भावंड वाटतं, पण ते रबरासारखं मऊ असतं, काळी धूळ खाऊन बसतं आणि सतत ओलं राहिलं की पापुद्रा सुटतो. शिवाय खालच्या चिरा झाकून टाकतं, म्हणजे ज्या बघायला हव्यात त्याच. टेप ट्रेलरच्या पायरीला लावा. डेकवर तिचा गोंद पहिल्याच मे महिन्यात पाघळतो, कडा उचलल्या जातात, आणि मग तुम्ही घसरण्याऐवजी अडखळून पडता.

रंगाचा मुहूर्त नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन. दहाच्या आधी दव असतं, आणि दोनच्या नंतर मारलेल्या रंगाला संध्याकाळची ओल धरते, चकाकी उडून तो दुधाळ होतो. मार्चपासून रंग रोलरवरच वाळायला लागतो.

सगळ्या डेकला खरखरीतपणा नको. क्लीट, झडपा आणि डेकच्या कडा यांच्याभोवती बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा सोडा. पाणी तिथून वाहतं, झाडायला सोपं जातं, आणि सीलंट गुळगुळीत जागीच नीट बसतं. मास्किंग टेपचे कोपरे काटकोनात ठेवू नका. काटकोनाचा कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. स्वयंपाकघरातली छोटी वाटी उलटी ठेवून गोल आखा आणि ब्लेडने कापा. दिसतंही कारखान्यातून आल्यासारखं. जुनी नक्षी राहिलेल्या भागात ८० नंबरचा पेपर फक्त टेकड्यांवर लागेल, खाचांसाठी स्क्रबर हातानेच चालवावा लागतो, त्याला इलाज नाही. तुळतुळीत भाग ८० ने मारून धूळ पुसा, आणि पुन्हा एकदा दोन फडक्यांचं थिनर.

वाळूचं बघू. बांधकामाची कन्हानची रेती आणू नका. तिच्यात माती, अभ्रक आणि लोहाचे कण असतात, ते डेकवर गंजतात. धुतलेली, एकसारख्या दाण्याची पांढरी सिलिका वाळू घ्या, बारीक. चाळताना तोंडाला मास्क, तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. प्लास्टिकचे बारीक मणीही मिळतात, ते पायाला मऊ लागतात आणि पुढे कधी घासून काढायचे झाले तर सोपे पडतात. माझं मत विचाराल तर चालायच्या जागी बारीक वाळू, आणि बसायच्या बाजूंवर प्लास्टिकचे मणी नाहीतर काहीच नाही. शिडाची दोरी ओढताना आपण कडेवर बसून सरकतो. तिथे जाड वाळू टाकली की पहिल्याच दिवशी चड्डीची चाळण होते आणि गुडघे सोलून निघतात. मी एका पोराच्या बोटीला हौसेने भरड वाळू टाकली होती, त्याच्या आईने नंतर माझ्याशी बोलणं टाकलं.

वाळू रंगात कालवू नका. ती डब्याच्या तळाशी बसते, पहिल्या फूटभर जागेत नुसता रंग येतो आणि शेवटच्या फूटभर जागेत नुसती वाळू. आधी रंगाचा एक हात मारून वाळवा. दुसरा हात जरा जाड मारा, दोन-तीन चौरस फुटांएवढाच, आणि तो ओला असताना पिठाच्या चाळणीने वाळू पाडा. चाळणी डेकपासून हातभर वर धरा. जवळून पाडली तर ढीग होतात, वरून पाडली की रांगोळीसारखी एकसारखी पडते. ओला रंग कुठे डोळ्याला दिसता कामा नये, इतकी पाडायची. मधेच कमी वाटली म्हणून चिमटीने टाकायला गेलात तर तो ठिपका कायम दिसत राहील, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी न धरलेली वाळू मऊ झाडूने झाडून घ्या, राहिलेली व्हॅक्यूमने ओढा. मग वरून रंगाचे दोन हात, पातळ. पहिला हात वाळू अडकवतो, दुसरा टोकं थोडी बोथट करतो. तिसरा मारला तर खरखरीतपणाच भरून जातो. टेप शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, तिरपी आणि मागे दुमडून. कडक झाल्यावर ओढली तर कडेचा रंग दातेरी होऊन सोबत येतो.

वाळू नको असेल तर मिठाची एक जुनी युक्ती आहे. ओल्या रंगावर वाळूऐवजी जाडं मीठ पाडायचं, रंग वाळला की पाण्याने धुवायचं. मीठ विरघळतं आणि खड्ड्याखड्ड्यांचा पृष्ठभाग राहतो, पायाला मऊ. काही जण साखरही वापरतात. नागपुरातल्या अंगणात साखर वापरायला मी सांगणार नाही, मुंग्या तुमच्याआधी डेकवर चढतील.

हिशेब: चालायची जागा चार-पाच चौरस मीटर धरली आणि चार हात धरले तर वीसेक चौरस मीटर. लिटरभर रंगात एका हाताचे आठ-दहा चौरस मीटर होतात. वाळूवरचे हात थोडा जास्त रंग पितात, म्हणून अडीच लिटर आणा. छटा फिकट करडी किंवा साईसारखी घ्या. पांढऱ्याशुभ्रावर ऊन डोळ्यांत मारतं, आणि गडद निळा कितीही देखणा वाटला तरी एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. मुलगा गडद निळा म्हणेलच. त्याला दुपारी दोनला कोणाच्यातरी काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायला सांगा.

आणि डेकला हात लावण्यापूर्वी दोन फूट प्लायच्या फळीवर हे सगळं आधी करून बघा. एका अर्ध्याला बारीक वाळू, दुसऱ्या अर्ध्याला मणी किंवा मीठ. आठवडाभर वाळू द्या. मग फळीवर साबणाचं पाणी ओता, एक टोक विटेवर ठेवून तिरपी करा, हाताला धरायला मुलगा उभा करा आणि काकूंना सांगा पाय ठेवून बघायला. त्यांचा पाय ज्या अर्ध्यावर थांबेल तोच डेकवर. दोन्हीवर थांबला नाही तर चाळणी बदलून दुसरी फळी घ्या, डेक अजून कोरंच आहे.